एकाच खांद्याच्या मापाचा पट्टा

मी, खाली सही करणारा नाथा रामभाऊ धोंगडे, वय वर्षे एकोणसाठ, मूळ राहणार आंबेवहाळ, तालुका इगतपुरी, हल्ली मुक्काम पंचवटी, नाशिक, धंदा चामडी पट्टे शिवणे, त्याआधी रेल्वेत गँगमन, आणि या दोहोंच्या मधले एक वर्ष नाशिकरोडच्या जेलात कैदी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टींचा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. हा कागद मी कोणाच्या दडपणाखाली, नशेत किंवा भरीला पडून लिहीत नाही. रागात लिहितो आहे. रागात लिहिलेले चालते का, असे मी वकिलांना विचारून घेतले. ते म्हणाले, कायद्यात रागाला मनाई नाही.

वाचणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. लोक मृत्युपत्र देण्यासाठी करतात. मला या कागदातून देण्यापेक्षा घ्यायचे जास्त आहे, आणि तेही एकच वाक्य. माझा थोरला भाऊ पुंजाराम, ज्याला मी दादा म्हणतो, त्याने ते बारा वर्षांपूर्वी बोलायला हवे होते: "बंदूक मीच नाथाला दिली होती." ते का, हे पुढे कलमवार येईल.

कलम पहिले, बंदूक. आधी हीच, कारण लोक पहिल्यांदा तिचेच विचारतात. आमच्या घरची ठासणीची बंदूक माझी कधीच नव्हती, त्यामुळे ती मला कोणाला देता येत नाही. वडिलांच्या नावे शेतसंरक्षणाचा परवाना होता. ते १९८६ साली वारले आणि परवाना दादाच्या नावावर चढला. बंदूक त्याची, राखण माझी, अशी वाटणी झाली. भात पोसवले की रानडुकरे खाली उतरत. दादाला बंदुकीच्या बाराचा आवाज सोसत नसे, कानात दडे बसत. म्हणून मी इगतपुरीहून रजा काढून यायचो आणि दिवेलागणीच्या आत बांधावर जाऊन बसायचो.

लोकांना वाटते मी शिकारी होतो. माझ्या नावावर एकही डुक्कर नाही. गजाने दारू ठासायची, गज बाहेर काढून ठेवायचा आणि आभाळाकडे तोंड करून बार काढायचा, एवढीच माझी शिकार. एकदा गज नळीतच विसरलो. बार काढला तर तोही गेला, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे चिखलात उभा सापडला. दादा ही गोष्ट पंगतीत सांगायचा आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचे. "परवान्यावर राखणदार म्हणून तुझं नाव चढवतो," असेही तो दरवर्षी म्हणायचा. आठ वर्षे म्हणत होता.

ती बंदूक आता सरकारजमा आहे.

कलम दुसरे, पट्टा. हा मात्र माझा आहे, आणि माझ्याइतका तो दुसऱ्या कोणाचाच होऊ शकत नाही. ते असे.

पूर्वी बंदुकीला नायलॉनची दोरी बांधलेली असे. चालताना ती खांद्यात रुतायची, आणि बांधावरून उतरताना बंदूक फिरून पुढे यायची व नळी गुडघ्यावर आदळायची. माझा उजवा खांदा १९८१ साली रुळाखालचा स्लीपर उचलताना उतरला तो नीट बसलाच नाही. त्या बाजूला काही अडकवता येत नाही. १९९३ सालच्या दसऱ्याआधी दादाच म्हणाला, "नाशिकला भद्रकालीत लहानू म्हणून चामड्याचं काम करणारा हाय, त्याच्याकडून पट्टा बसवून घेऊ." आम्ही दोघे एसटीने गेलो. बंदूक दादाच्या हातात, परवाना दादाच्या खिशात.

लहानू साठीचा होता. त्याने बंदूक आडवी धरून पाहिली. दादा म्हणाला, "नळीला भोक पाडून कडी बसव." लहानूने त्याच्याकडे वर पाहिले.

"नळीला भोक? मग बार कुठनं जायचा सांगा, पुढनं का बाजूनं?"

त्याने नळी आणि खालचे लाकूड यांना मिळून एक पितळी कडे चढवले, गजाच्या वाटेत येणार नाही इतके मागे. दुसरी कडी दस्त्याच्या लाकडात फिरकीच्या खिळ्याने बसवली. हे झाल्यावर विचारले, "कुणाच्या खांद्याला?"

दादा म्हणाला, "ह्याच्या. बंदूक माझी हाय, पण वागवतो हा."

हे त्याचे शब्द. लहानूने ऐकले, मी ऐकले. आमच्याकडे वागवणे म्हणजे अंगावर घेऊन फिरणे. पुढे त्याने मला कसे वागवले ते येईलच.

मग लहानूने मला रस्त्यावर उभे केले. डाव्या खांद्यावरून मेणाचा दोरा घेतला, बंदूक लावली, आणि चालायला लावले. वाकायला लावले, उकिडवे बसवले, समोरच्या ओट्यावर चढवले. जाणारे-येणारे थांबून बघत होते. प्रत्येक वेळी तो दोरा दोन बोटे आत-बाहेर करून गाठ मारी. बकल लावून भोके पाड, म्हणजे कमीजास्त करता येईल, असे दादाने सुचवले. लहानू म्हणाला, "बकल लावलं की पट्टा गावाचा झाला. मी माणसाचा पट्टा करतो." म्हशीच्या पाठीचे कातडे, दोन्ही टोके कायमची शिवलेली, खांद्यावर बसते तिथे रुंद गादी, आणि गादीच्या आतल्या बाजूला ज्याचा पट्टा त्याच्या नावाचे पहिले अक्षर तापल्या सळीने उमटवलेले. माझ्यात "ना" आहे. दादा सहा फुटांचा गडी आहे. गंमत म्हणून त्याने तो पट्टा घालून पाहिला तर कोपराच्या वर गेला नाही. आम्ही तिघेही हसलो. त्या दिवसाइतका मी दादावर कधी खूश नव्हतो, हे कबूल करायला मला आज लाज वाटते.

कलम तिसरे, घर. पंचवटीतील दोन खोल्या लोक माझ्या समजतात. त्या माझी पत्नी भागीबाई हिच्या आहेत. मी जेलात असताना आणि सुटून आल्यावरही तिने माहेरच्या मळ्यातली मेथी, शेपू, झेंडू डोक्यावर आणून विकला, त्यातून त्या झाल्या. जे माझे नाही ते मी तिला देतो असे लिहिणे म्हणजे आगाऊपणा होईल. पासबुकात जे असेल ते तिचे. माझी सायकलही तिचीच, तिने ती खुशाल भंगारात द्यावी, गेली दहा वर्षे द्यायची म्हणतेच आहे.

कलम चौथे, नाव. गेलेली वस्तू मृत्युपत्रात लिहितात की नाही मला माहीत नाही, पण माझे नाव ही माझी मोठी मालमत्ता होती आणि ती कशी गेली हे लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होत नाही.

१९९५ च्या जानेवारीत निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकालानंतर परत मिळतात. दादा त्या वेळी एका उमेदवाराच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचा. माझी साप्ताहिक सुट्टी संपली होती, मी सकाळी घोटीवरून इगतपुरीला निघालो होतो. तो दारातूनच म्हणाला, "नाथा, घोटीलाच चाललायस तर बंदूक तेवढी जमा करून टाक."

"आणि परवान्याचं पुस्तक?"

"ते मी घेऊन येतो सांजच्याला. बोललोय मी त्यांच्याशी."

आई, कुसाबाई, ओट्यावर बसली होती. म्हणाली, "पट्टा काढून ठिव रं. ठाण्यात उंदरं लय. मागल्या निवडणुकीला पाटलाचा पट्टा कुरतडला." खरेच होते ते. आमच्याकडे सगळेच जमा करताना पट्टा काढून घरी ठेवतात. मी कड्यांतून पट्टा सोडवला आणि आईच्या हातात दिला. आता बंदूक खांद्याला लागेना, म्हणून ती गोणपाटात गुंडाळली आणि बगलेत मारली. उघड्या खांद्यावर बंदूक घेऊन जाणारा माणूस ती जमा करायला जातो. गोणपाटात गुंडाळून जाणारा चोर दिसतो. हे मला घोटीच्या नाक्यावर पोलिसांनी अडवले तेव्हा कळले.

"गोणपाटात काय?"

"बंदूक. जमा करायला चाललोय साहेब."

"परवाना?"

"भावाचा आहे."

"भाऊ कुठाय?"

"प्रचाराला."

नाक्यावरच्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी त्यांचे काम केले. दुपारी दादाला बोलावून आणले. त्याला पाहून मी उठून उभा राहिलो, आता सुटलो असे वाटले. तेवढ्यात तिथले कोणी तरी म्हणाले की विनापरवाना माणसाला बंदूक देणाराही आत जातो. दादाने बंदुकीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

"मी दिली नाय. न इचारता उचलली त्यानं."

ते वाक्य त्याने घाबरून म्हटले हे मला मान्य आहे. मीही घाबरलो असतो. पण तीन वर्षांनी कोर्टात, इस्त्रीचे कपडे घालून, आधी पाणी पिऊन, त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटले, आणि वर "विकायला नेत असंल" हेही जोडले. माणूस तीन वर्षे सलग घाबरलेला राहत नाही. मधल्या काळात तो सरपंच झाला होता.

माझे वकील म्हणत होते, भावाने दिली एवढे शाबीत झाले तर सुटायची आशा आहे. लहानू साक्षीला यायला तयार होता. पण बंदुकीवर नुसत्या दोन कड्या होत्या, आणि दादाने त्या वडिलांच्या वेळच्या आहेत असे सांगितले. वकील म्हणाले, "पट्टा आणा. तुमच्या मापाचा, तुमच्या अक्षराचा पट्टा त्याच्याच बंदुकीला बसतो हे दाखवू, मग लहानूला उभा करू. पट्टाच नाही तर साक्ष कशाची?" मी आईला विचारले. ती म्हणाली, "मला नाय ठावं. कुठं ठिवला की." भागीबाईने जाऊन घर शोधले, माळा शोधला, गोठाही शोधला. पट्टा मिळाला नाही.

एक वर्ष सक्तमजुरी झाली. शिक्षा झाली म्हणून नोकरी गेली, नोकरी गेली म्हणून क्वार्टर गेले. सुटलो तेव्हा गावात जायचे तोंड नव्हते. लहानूकडे गेलो. त्याने काही विचारले नाही, बसायला गोणपाट दिले आणि हातात चामडे कापायची रापी. मराठ्याचा पोर चामड्याला बसला म्हणून गावाने नावे ठेवली. ठेवू द्या. त्या गोणपाटावर मला कोणी चोर म्हटले नाही.

कलम पाचवे, आई. हे कलम मी तीनदा लिहिले आणि फाडले.

निकालाच्या दिवशी आई कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आली. माझा हात धरून म्हणाली, "त्याच्या मागं चार लेकरं हायेत, नाथा. तुझ्या मागं कोण हाय?" भागीबाई डबा घेऊन शेजारी उभी होती. आम्हाला मूलबाळ नाही. त्यानंतर तिने आंबेवहाळचे पाणी तोंडाला लावलेले नाही. मला त्या वेळी वाटले, आई बिचारी समजूत घालते आहे.

आई २००३ साली गेली. तेरावे झाल्यावर दादाची थोरली मुलगी निकिता, जी तेव्हा नाशिकला कॉलेजात होती, आमच्या दारात आली. पिशवीतून कापडात बांधलेले काही तरी काढून म्हणाली, "काका, आजीच्या पेटीत तळाशी होतं. बाबांना दाखवलं नाही मी."

माझा पट्टा. मी तो हातात घेतला आणि वाकवला. तेव्हा मला चार वर्षे चामड्यात झाली होती. आठ वर्षे पेटीत पडलेले कातडे कडक होते, वाकवले की त्याला चिरा पडतात. हा पट्टा मऊ होता. त्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. दरवर्षी कोणी तरी तो बाहेर काढून, तेल लावून, पुसून परत ठेवत होते. म्हणजे कुठे तरी राहून गेला असेल, असे स्वतःला सांगायचीही सोय आईने माझ्यासाठी ठेवली नाही. तिने एक मुलगा वाचवला आणि दुसऱ्याच्या पट्ट्याला तेल लावत बसली. दादावर मला राग आहे. आईवर काय आहे त्याला माझ्याकडे शब्द नाही, पण रडलो मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तिच्या वर्षश्राद्धाला मी गेलो नाही. माझ्या नावाने तिला कोणी पान वाढू नये.

कलम सहावे, हत्यारे. दोन रापी, तीन आऱ्या, लाकडी ठोकळा, हातोडी आणि मेणाचे गोळे लहानूचा मुलगा कुंदन याला द्यावेत. ती त्याच्या बापाचीच आहेत, मी नुसती वापरली. कुंदन आता तयार दप्तरे विकतो, त्याला त्यांचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी द्यावीत. मात्र त्याने माझ्या अर्धवट राहिलेल्या कामांना हात लावू नये, त्याची शिवण वाकडी असते.

कलम सातवे, शेत. आंबेवहाळच्या भातखाचरात माझा निम्मा हिस्सा आहे. दादाने मला त्यावर हक्कसोड करून द्यायला चारदा सांगितले. मी पाचव्यांदा नाही म्हणतो. तो हिस्सा भागीबाईच्या हयातीत तिचा व नंतर निकिताचा. निकिता त्याची मुलगी आहे म्हणून नाही, आणि त्याची मुलगी असूनही नाही. तिने जे तिला सापडले ते आणून दिले म्हणून.

कलम आठवे, शेवटचे. अग्नी भागीबाईने द्यावा. दादाने मडके धरू नये. पट्टा माझ्या चितेवर ठेवू नये. चामडे जळताना वास येतो, आणि पुरावा जळतो. पट्टाही निकिताचा. त्याला कोणी बकल लावायचे नाही.

कलम नववे, साक्ष. वकील म्हणाले, साक्षीदार असा घ्या ज्याला या कागदातून काही मिळत नाही. मी म्हणालो, असा एक माणूस मला पक्का माहीत आहे. म्हणून दादाला फोन करून रविवारी बोलावले आहे. त्याच्या सहीच्या वर एक ओळ टाइप करून घेतली आहे. ती ओळ त्याने वाचावी आणि खाली सही करावी. पोलीस, कोर्ट, नोकरी यांतले काही आता परत येणार नाही, आणि मी मागतही नाही. त्याला यातून काही होणार नाही हे वकिलांकडून विचारून घेतले आहे. मला फक्त ते त्याच्या हाताने कागदावर हवे आहे, भागीबाई जिवंत असेपर्यंत.

येथपर्यंत टाइप केलेले आहे. यापुढचे मी माझ्या हाताने त्या रविवारीच लिहीत आहे.

दादा दुपारी आला. पेढे घेऊन आला. निकिताने सगळा कागद त्याला वाचून दाखवला, पाचवे कलमही. दादा भिंतीकडे बघत होता. संपल्यावर म्हणाला, "पट्टा आईनं ठिवला व्हता, मला काय ठावं? आन् एवढ्या वर्षांनी काय उकरतो रं? तुझी नोकरी परत देणार हायेत का ते?"

मी म्हणालो, "नोकरी नको. ओळ दे."

"गावात तोंड दाखवायचंय मला, नाथा."

"मलाही दाखवायचं होतं."

निकिता म्हणाली, "बाबा, करा ना सही."

त्याने तिच्याकडे पाहिले, चष्मा लावला आणि पेन घेतले. भागीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादाने माझे पासबुक उचलले, त्याची कड त्या ओळीवर धरली आणि सरळ रेघ मारून ती ओळ खोडली. मग खाली साक्षीदाराच्या जागी सही केली. म्हणाला, "तुझ्या सहीला साक्षीदार व्हतो. भाऊ हाय मी तुझा."

शेजारचे महेश खैरनार, ज्यांचे औषधाचे दुकान आहे व जे पहिले साक्षीदार आहेत, ते म्हणाले, "काका, खोडलंय तिथंही सही लागते. नाहीतर कागद चालत नाही." दादा पाच वर्षे सरपंच होता. असल्या सह्या त्याच्या हाताच्या सवयीच्या आहेत. त्याने खोडलेल्या ओळीच्या शेजारी पुरे नाव लिहिले, तारीख घातली, चहा पिऊन गेला. निकिता त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेली नाही.

नाथा रामभाऊ धोंगडे (सही)

साक्षीदार पहिला: महेश खैरनार, पंचवटी, नाशिक (सही)

साक्षीदार दुसरा: मी, पुंजाराम रामभाऊ धोंगडे, लिहून देतो की जानेवारी १९९५ मध्ये बंदूक मी स्वतः माझा भाऊ नाथा यास ठाण्यात जमा करण्यासाठी दिली होती. (ही ओळ खोडलेली. पुंजाराम रामभाऊ धोंगडे, १२/११/२००६)

पुंजाराम रामभाऊ धोंगडे, आंबेवहाळ (सही)

ठिकाण: नाशिक. दिनांक: १२ नोव्हेंबर २००६, रविवार.

खाडाखोड: एक. खोडलेली ओळ वाचता येते. खोडणाऱ्याची सही शेजारी आहे.